आठ हजारांचा घोयरा

विकणारा 'कागद दोन दिवसांत पाठवतो, भाऊ' म्हणाला की समजावं, कागद नाहीतच. मी कागद न बघता पैसे फेकले असं आमच्या पिंपळगावात बोललं जातं, ते खोटं आहे. मागितले होते, पैसे देण्याआधी आणि नंतरही. सगळी चॅट मोबाईलमध्ये आहे. आला तो कसल्याशा शिक्क्याचा धूसर फोटो.

पिल्लू आलं भोकरदनला, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, भोकं पाडलेल्या मिठाईच्या खोक्यात. 'येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑन, पिंजऱ्यात जन्मलेला.' आठ हजार. डोकं सपाट वाटतंय म्हटलं, तर उत्तर तयार: "लहान आहे अजून. मोठा झाला की डोक्यावर उंच तुरा उभा राहील." यातलं अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं बोलणारा माणूस फार वाईट. व्हेल्डच्या पिलाचा तुरा आखूडच असतो, वयाबरोबर वाढतो. आमच्याचं अंग वाढलं, शेपूट वाढली, तुरा काही वाढेना.

मिरची तोडायला आलेल्या एक मावशी पाणी प्यायला ओट्यावर टेकल्या. जाळीतून फांदीवर बसलेलं ध्यान त्यांना दिसलं. एक डोळा मावशींकडे, दुसरा माझ्याकडे, आणि पायाच्या चिमट्यानं फांदी घट्ट धरलेली. मावशी दोन पावलं मागं सरल्या. "आरं, हा तर घोयरा! बांधावरच्या बाभळीवर अस्तो तो. घरात कामून आणला?"

मी त्यांना येमेन समजावून सांगत होतो. त्या हसत होत्या. रात्री फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले आणि अंगाला घाम फुटला. व्हेल्डच्या अंगावरचे ठसठशीत उभे पट्टे नाहीत, उंच तुरा नाही. भारतात शॅमेलिऑनची एकच जात सापडते, ती म्हणजे हाच घोयरा. अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचा, आमच्याच झुडपांतला प्राणी आठ हजार मोजून मी परगावाहून मागवला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, हे मिरची मार्केटातले व्यापारी आता मला दर लिलावाला ऐकवतात. विकणाऱ्याला फोन केला, तर "जिवंत माल आहे, रिटर्न नाही," आणि ब्लॉक.

आता ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी. घोयरा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळा गुन्हा. 'आमच्याच शेतातला आहे' हे कारण चालत नाही. मी वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करून तो सोपवला. परदेशी जातीही मोकळ्या नाहीत. व्हेल्ड आणि पँथर हे दोन्ही शॅमेलिऑन साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. 2022 ची कायद्यातली दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांमुळे असा प्राणी बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावीच लागते. विकणाऱ्याच्या नावची नोंद आधी बघा. नोंद नाही, तर व्यवहार नाही.

कागदपत्रं असलेला प्राणी असेल तर पुढचं ऐका. फवारलेल्या मिरचीतला नाकतोडा कधीही घालू नका. आपल्याकडे फवारणीशिवाय मिरची येत नाही, आणि औषध किड्यातून थेट प्राण्याच्या पोटात जातं. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरा. वाटीतलं पाणी बहुतेक शॅमेलिऑन ओळखतच नाहीत. पानांवर थेंब हवेत, ते चाटून पितात. डोळे खोल गेले की पाणी कमी पडलंय. काचेची टाकी नको, जाळी हवी. एका पिंजऱ्यात एकच. यूव्हीबी दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, आणि लाइट गेली की दिवाही नाही, हे आपल्या भागात धरूनच चाला. मादी असेल तर नर नसतानाही अंडी धरू शकते. खोल ओलसर माती नसली की अंडी पोटात अडकून ती मरू शकते. डॉक्टर आधी शोधून ठेवा. आपल्या दवाखान्यांत गाय, म्हैस, शेळी बघतात, सरडा टेबलावर ठेवला की डॉक्टर तुमच्याच तोंडाकडे बघतात. स्वच्छता ठेवा, हात धुवा, हे सांगायला नको.

आणि हौस म्हणून सारखा हातावर घेऊ नका. रंग काळपट पडला की पाहुणे म्हणतात 'वा, रंग बदलला'. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. घोयरा विषारी नाही. फूत्कारतो, तोंड वासतो. तरी बांधावर दिसला की आपले लोक दगड उचलतात. त्यांनाही सांगा.

ज्यांचे पैसे बुडालेत त्यांनी पेमेंटची पावती, चॅट, त्याच्या खात्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि लाज न बाळगता सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार करा. ब्लॉक व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, नंतर खातंच दिसत नाही. माझ्या त्या माणसाचं नवं खातं मित्रानं परवा दाखवलं. नाव वेगळं, फोटो तेच, माझ्या पिलाचासुद्धा. भाव मात्र आता बारा हजार.