बाजारभावाची विनंती : विनिर्देशापासून विनंतीसंचापर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अकोट हे वऱ्हाडातील कापूस व तुरीच्या व्यवहाराचे महत्त्वाचे केंद्र आहे. माल अकोटच्या बाजारात न्यावा की अकोल्याच्या, हे शेतकऱ्यास सकाळीच ठरवावे लागते. क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक २० क्विंटलांवर २,००० रुपयांचा होतो. म्हणूनच ग्रामपंचायतीच्या फलकावरील भाव अचूक असणे अगत्याचे आहे.

केंद्र शासनाच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे दैनंदिन भाव एपीआयद्वारे मिळतात. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवकेचा दिनांक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव असतो.

एपीआय म्हणजे काय ?

एपीआय ही संगणकांसाठी उघडलेली खिडकी होय. कोणता अर्ज, कोणत्या रकान्यांसह द्यावा आणि उत्तर कोणत्या स्वरूपात येईल, हे सांगणारी नियमावली म्हणजे विनिर्देश. तर त्यानुसार तयार ठेवलेल्या अर्जांची फाइल म्हणजे विनंतीसंच.

विनिर्देश लिहिण्याची ‘स्वॅगर’ ही पद्धत २०११ मध्ये पुढे आली. २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनएपीआय उपक्रमाकडे सोपविण्यात आली आणि ओपनएपीआय या नावाने रूढ झाली. त्याच वर्षी भारत शासनाने खुल्या एपीआयविषयीचे धोरण जाहीर केले. विनंतीसंच हाताळणारे ‘पोस्टमन’ हे साधन अभिनव अस्थाना यांनी बेंगळुरू येथे २०१२ मध्ये सुरू केले.

रूपांतराची रीत

दहा-वीस विनंत्या हाताने लिहिताना एखादा रकाना सुटतो. कमांड लाइनवरून हेच काम एका आज्ञेत होते.

प्रथम संगणकावर ‘नोड’ बसवून त्याच्या ‘एनपीएम’ या भांडारातून पोस्टमनचे ओपनएपीआय-रूपांतरक साधन घ्यावे. विनिर्देशाची फाइल जेसन किंवा यॅमल स्वरूपात असावी. ती उपलब्ध नसल्यास किल्ली, स्वरूप, प्रारंभक्रम, नोंदींची मर्यादा व गाळणी हे रकाने नमूद करून ती स्वतः लिहिता येते. आज्ञेत ‘एस’ या खुणेपुढे विनिर्देशाचे आणि ‘ओ’ या खुणेपुढे तयार होणाऱ्या विनंतीसंचाचे नाव द्यावे. ‘पी’ ही खूण जोडल्यास संच वाचण्यास सोईचा होतो.

विनिर्देश बदलला की तीच आज्ञा पुन्हा द्यावी. संच नव्याने तयार होतो. मात्र जुन्या संचात हाताने केलेले बदल त्यात येत नाहीत, म्हणून सुधारणा मूळ विनिर्देशातच करावी. तयार संच ‘न्यूमन’ या साधनाने कमांड लाइनवरूनच चालविता येतो.

घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट, नमुना मूल्ये तपासावीत. विनिर्देशात उदाहरण दिलेले नसल्यास रूपांतरक रकान्यात कामचलाऊ मजकूर भरतो. तेथे जिल्हा अकोला व बाजार अकोट हे संकेतस्थळावरील नेमक्या वर्णलेखनानुसार लिहावे. अन्यथा उत्तर रिकामे येते. रिकामे उत्तर म्हणजे बाजार बंद, असा अर्थ लावू नये.

दुसरी गोष्ट, मर्यादा ओळखावी. संकेतस्थळावरील नमुना किल्लीने एका वेळी जास्तीत जास्त १० नोंदी मिळतात. दहा नोंदींतून जिल्ह्याचा भाव सांगणे शेतकऱ्याची दिशाभूल ठरेल. यासाठी नोंदणी करून स्वतःची किल्ली घ्यावी.

तिसरी गोष्ट, किल्ली संचात लिहून इतरांस पाठवू नये. ती निराळ्या परिस्थिती-फाइलमध्ये ठेवावी आणि न्यूमनला चालविताना पुरवावी.

रूपांतराने अर्ज बिनचूक होतो, भाव नव्हे. बाजार समितीने भरलेली नोंद जितकी खरी व ताजी, तितकेच उत्तर विश्वसनीय. यास्तव फलकावर भावासोबत आवकेचा दिनांकही लिहावा. शिक्षकांनी ही रीत विद्यार्थ्यांस शिकविल्यास आणि पंचायत सदस्यांनी फलकाची जबाबदारी घेतल्यास शासनाची खुली माहिती संगणकातच न राहता शेतकऱ्याच्या निर्णयास खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.