मोटारीच्या ब्रेकचा आवाज व त्याची परीक्षा

बैलगाडीचा आंस कुरकुरूं लागला कीं वंगण घालावें, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु मोटारीचा ब्रेक वाजूं लागल्यास हा उपाय घातक होय. ब्रेक घर्षणानें धरतो. त्यावर तेलाचा थेंबही पडूं देऊं नये.

हल्लींच्या मोटारींच्या पुढील चाकांत बहुधा लोखंडी तबकडी असते. ब्रेक दाबतांच तिला दोहों बाजूंनीं पॅड आवळतात. आवाज तीन प्रकारचे समजावे.

पहिला, पावसांत उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळची खरखर. ही तबकडीवरील गंजाची असून चार-दोन वेळां ब्रेक लावतांच जाते.

दुसरा, रोज येणारी बारीक किंचाळी. कित्येक पॅडांस पोलादी जीभ असते; पॅड झिजल्यावर ती तबकडीस घासून सूचना देते. धुळीनेंही असा आवाज होतो, म्हणून चाक काढवून पाहावें. पॅडाचा थर सुमारें ३ मिलिमीटर उरला असल्यास त्या आंसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावे.

तिसरा, धातूवर धातू घासल्याचा घरघराट. थर संपल्याचें हें लक्षण. गाडी पुढें हांकूं नये. डबींतील ब्रेकचें तेल उतरलें असल्यास झीज किंवा गळती असे.

आमच्या मतें कांदा भरून कसारा घाट उतरण्यापूर्वीं ही परीक्षा घरींच करावी. पॅड बदलण्यास खर्च थोडा. तबकडी चरली तर अधिक. आणि उतारावर ब्रेक न लागल्यास त्या हानीस मोल नाहीं.