राजकन्या कागुया

शोकान्त कथेत माणसाचे मन का रमते, हा साहित्याच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. राजकन्या कागुयाची कथा सांगणारा जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहताना तो नव्याने समोर येतो. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) यांचा हा अखेरचा चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला. ‘ताकेतोरी मोनोगातारी’ ही जपानी भाषेतील अतिप्राचीन गद्यकथा त्याला आधारभूत आहे.

बांबू तोडून उदरनिर्वाह करणाऱ्या एका वृद्धाला वनातील तेजस्वी कोंबात तळहातावर मावेल एवढी बालिका सापडते. ती बांबूप्रमाणेच भराभर वाढते. म्हणून गावातली मुले तिला ‘ताकेनोको’, म्हणजे बांबूचा कोंब, अशी हाक मारतात. चिखल, पाखरे, रानफळे आणि सवंगडी यांत ती तृप्त असते. पुढे बांबूतूनच सोने व उंची वस्त्रे मिळू लागतात, तेव्हा मुलीला राजकन्या करावे असाच दैवी संकेत आहे, अशी पित्याची समजूत होते. राजधानीत वाडा उभा राहतो. भुवया उपटणे, दात काळे करणे, मोठ्याने न हसणे असे कुलीन स्त्रीचे शिष्टाचार तिला शिकवले जातात. पित्याच्या मनात कपट नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याचे प्रेम खरे आहे आणि त्या प्रेमानेच मुलीचे सुख हिरावले जाते. चित्रपटातील खिन्नतेचे मूळ या विसंगतीत आहे.

ही खिन्नता शब्दांपेक्षा रेषांतून अधिक जाणवते. कोळशाने काढल्यासारख्या रेषा मध्येच तुटतात, जलरंग कडांपाशी विरून जातात आणि कागदाचा पांढरेपणा तसाच मोकळा राहतो. नामकरणाच्या मेजवानीत मद्यधुंद पाहुण्यांचे अपमानकारक बोल कागुयाच्या कानी पडतात. ती उठून धावत सुटते. एकेक वस्त्र गळून पडते, रेषा राकट होत जातात आणि शेवटी तिची आकृती म्हणजे केवळ काही फटकारे उरतात. संताप असा क्वचितच चितारला गेला असेल. ती आपल्या गावी पोहोचते, तर तेथे बर्फ आहे आणि सवंगडी निघून गेलेले आहेत.

पुढे पाच उमराव तिला मागणी घालतात आणि ती त्यांना अशक्यप्राय वस्तू आणायला सांगते. हा भाग मूळ कथेत प्रसिद्ध असला, तरी चित्रपटाचा जीव त्यात नाही. मात्र त्या खटाटोपात एकाचा मृत्यू होतो, तेव्हा कागुया स्वतःला दोष देते. नंतर सम्राट तिला बळेच मिठी मारतो आणि त्या क्षणी नकळत तिच्या मनातून चंद्राला साद जाते. ती चंद्रलोकीची आहे. आता तिला परत न्यायला तेथील लोक येणार, आणि तिला तर पृथ्वी सोडायची नाही!

पौर्णिमेच्या रात्री ढगावर बसून मिरवणूक येते. संगीतकार जो हिसाइशी यांनी या प्रसंगाला शोकगंभीर सूर न देता प्रसन्न, नाचरे संगीत दिले आहे. चंद्रलोकात शोक नाही, मोह नाही आणि म्हणूनच तेथे कोणाला आई-वडिलांचा आकांत कळत नाही. त्या आनंदी सुरांइतके निर्दय या चित्रपटात दुसरे काही नाही. अंगावर वस्त्र पांघरताच पृथ्वीवरील सारे विसरता येईल, असे दूती सांगते. पृथ्वी मलिन नाही, तेथे सुखदुःखांसह सारे काही जिवंत आहे, असे कागुया कळवळून सांगू लागते. तिचे बोलणे अर्धवट असतानाच ते वस्त्र खांद्यांवर पडते आणि चेहरा निर्विकार होतो.

मिरवणूक दूर जाऊ लागते. स्मृती पुसली गेलेली आहे. तरीही ती एकदा मागे वळून निळ्या पृथ्वीकडे पाहते आणि तिचे डोळे पाण्याने भरलेले असतात.