ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता : वावर कोणाचं, फोन कोणाचा?



कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला सगळे ‘एआय’ म्हणतात, ती काही जादू नव्हे. जमिनीतील सेन्सर ओलावा मोजतो, हवामान केंद्र ऊन-पाऊस-वारा नोंदविते, उपग्रह वरून पिकाचे छायाचित्र घेतो. संगणक या नोंदी जुन्या नोंदींशी ताडून पाहतो आणि पाणी-खताचा सल्ला मोबाईलवर धाडतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने हा प्रयोग २०२४ मध्ये शेतकऱ्यांच्या उसावर नेला. पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने कारखान्यांसाठी योजना मांडली. तीत हेक्टरी २५,००० रुपये खर्च धरला : शेतकरी ९,०००, कारखाना ६,७५० व इन्स्टिट्यूट ९,२५०.

आता हिशेब करा. शेतकऱ्याचा वाटा एकरी सुमारे ३,६०० रुपये पडतो. मोठ्या बागायतदाराला तो जड नाही. एकरभर ऊस असलेल्याने तो बिलाआधी कोठून काढावा?

या बाबतीत वारणानगरचा अनुभव ध्यानात घ्यावा. तेथे १९९८ मध्ये केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना निघाली. बेत मोठे होते. पण शेतकरी केंद्रावर येई तो मुख्यतः ऊसनोंद, तोडणी आणि वजनाच्या कामासाठी. म्हणून २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील संदेशाचा प्रयोग झाला आणि तेवढ्याने काम भागले. बोध असा की, यंत्र किती भारी यापेक्षा सभासदाची गरज कोणती, हे आधी पाहावे.

आपल्याकडे अडचण आणखी एक. कारखान्यात नोंदलेला नंबर मुलाचा असतो; मुलगा राजापेठेत खोली करून राहतो आणि माय वावरात. ‘आज पाणी द्या’ हा संदेश राजापेठेत वाजतो, ऊस इकडे सुकतो! शिवाय संदेश वेळेवर मिळाला तरी, “पाणी दे म्हणते बाप्पा, पण लाईन तर रात्री येते,” हे त्या यंत्राला कोण सांगणार? वऱ्हाडातील भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. दुसरीकडच्या जमिनीवर बसविलेला अंदाज येथे पारखून घ्यावाच लागेल.

म्हणून अशी योजना आपल्याकडे आली तर सभासदांनी चार गोष्टी मागाव्यात :

१. लगतच्या लहान सभासदांचा गट करून हवामान केंद्र सामाईक ठेवावे.

२. लहान सभासदाचा वाटा ऊसबिलातून हप्त्याने कापावा.

३. सल्ला मराठीत, बोलून ऐकविणारा असावा. साधा फोन असणाऱ्यांसाठी तो गट कार्यालयाच्या फळ्यावर रोज लिहावा.

४. आपल्या वावराच्या नोंदी कोणाकडे जातात, हे करारात स्पष्ट असावे.

आणि शेतकी खात्याचा माणूस बांधावर येणे बंद होऊ देऊ नये. सेन्सर ओल सांगेल. पण यंदा खोडवा ठेवावा की मोडावा, हे ठरवताना घरची अडचण ऐकून घेणारा माणूसच लागतो. शेअर एक असो की दहा, सभेत मत प्रत्येकाला एकच असते. नव्या विद्येचा वाटाही त्याच न्यायाने पडावा.