फ्रिजमागची बारीक नळी का गळते?

आपोआप बर्फ तयार करणारे फ्रिज आपल्याकडे अजून थोड्याच घरांत आढळतात. परंतु अशा फ्रिजला पाणी पुरवणारी जी बारीक प्लॅस्टिकची नळी असते, तशीच नळी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडलेली असते, आणि ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली असेल. तिची बाहेरची जाडी पाव इंच, म्हणजे सुमारे ६.३५ मि.मी. असते. ही नळी मधोमध क्वचितच फुटते. (उंदराने कुरतडली तर गोष्ट वेगळी!) गळतो तो बहुधा सांधा.

थेंबथेंब गळण्याने असे किती पाणी जाणार, असे तुम्हाला वाटेल. हिशेब करून पाहू. ढोबळ मानाने २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसात ८६,४०० थेंब, म्हणजे ४.३ लिटर पाणी जाते. महिन्याला ते सुमारे १३० लिटर भरते. दहा लिटरची कळशी धरली तर तेरा कळश्या! अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचा, बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. नगर शहराला पाणी मिळते ते राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून. ते पंपांनी विळद आणि तेथून वसंत टेकडीपर्यंत चढवावे लागते. म्हणजे तेरा कळश्यांबरोबर त्या वर चढवण्याची वीजही गेली. शिवाय फ्रिजखाली साचलेले पाणी आणि विजेची वायर यांची गाठ पडली तर धोका आहे तो वेगळाच. म्हणून दुरुस्तीपूर्वी घरातील मोठ्या माणसाला बोलवा, कोरड्या हाताने बटण बंद करून प्लग काढून घ्या आणि नळीचा कॉक बंद करा. फरशी ओली असेल तर प्लगजवळ जाऊ नका. मोठ्या माणसाकडून घराचा मेन स्विच बंद करवून घ्या.

आता गळती शोधू. पहिला प्रश्न असा, की ती खरोखर गळती आहे की नळीला आलेला घाम? पावसाळ्यात हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमते आणि नळी ओली दिसते. नळी फडक्याने पुसून कोरडी करा आणि वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. घाम असेल तर थंड भागावरचा कागद सगळीकडे सारखा दमट होईल. गळती असेल तर एका जागी डाग उमटून तो खाली पसरेल. येथे एक फसगत होते. पाणी नळीला चिकटून खाली ओघळते आणि सर्वांत खालच्या वळणावरून टपकते, त्यामुळे थारोळे एकीकडे आणि दोष दुसरीकडे असतो. थेंब पडतो ती जागा सोडा, ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधा. आपल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते. ते हळूहळू झिरपून वाळले, की सांध्यावर पांढरा थर राहतो. तो थर म्हणजे जुन्या गळतीचा पुरावाच होय.

सांधे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात नळी नुसती आत ढकलायची असते. आत बारीक पोलादी दात असतात, ते नळी धरून ठेवतात, आणि त्यामागे एक रबरी कडे असते, ते पाणी अडवते. दोघांची कामे वेगळी आहेत हे ध्यानात ठेवा. गच्चीवरील टाकी ६ मीटर उंच असेल तर पाण्याचा दाब दर चौ.सें.मी.ला सुमारे ०.६ किलोग्रॅम येतो. नळीचा छेद ०.३२ चौ.सें.मी. म्हणून नळीला बाहेर रेटणारे बल जेमतेम १९० ग्रॅम वजनाइतके असते. शुद्धीकरण यंत्रातील पंपाने दाब ५ किलोग्रॅमपर्यंत नेला तर तेच बल दीड किलोच्या वर जाते. तरीही दात सहसा नळी सोडत नाहीत. गळते ते रबरी कड्यापाशी, कारण नळीच्या टोकावर ओरखडा असतो किंवा ती तिरकी कापलेली असते. असा ओरखडा म्हणजे पाण्यासाठी खोदलेला पाटच!

उपाय सोपा आहे. सांध्यावरची बारीक कडी सगळीकडून सारखी आत दाबून धरा आणि नळी ओढा. ती सहज सुटेल. टोकाचे दोनेक सें.मी. धारदार पात्याने अगदी काटकोनात कापा. कात्रीने नळी चेपते, म्हणून ती नको. टोकापासून दीड सें.मी.वर पेन्सिलीची खूण करा आणि साधारण तेथपर्यंत नळी घट्ट ढकला. पहिला अडथळा लागला म्हणून थांबू नका. तो रबरी कड्याचा असतो, त्याच्या पुढे जायचे आहे. मग हलकेच ओढून पाहा.

दुसऱ्या प्रकारात पितळी नट असतो. नट आवळला, की आतले छोटे पितळी कडे नळीवर दाबले जाते आणि पाण्याची वाट बंद होते. येथे पुष्कळ लोक नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. रॉय प्लंकेट यांना १९३८ साली योगायोगाने सापडलेला हा पदार्थ मोठा गुणाचा आहे, पण येथे तो वाया जातो, कारण या सांध्यात पाणी आटे अडवत नाहीत, कडे अडवते. जेथे आट्यांनीच पाणी अडवायचे असते, जसे भिंतीतील नळाच्या जोडात, तेथे टेप हवीच. नट हाताने बसवून पुढे पान्याने अर्धा फेरा पुरतो. दुसऱ्या पान्याने मागचा भाग धरून ठेवा. तरी झिरपले तर किंचित आणखी फिरवा. जोर लावत राहिलात तर कडे चेपते, मऊ नळी आत दबते आणि गळती वाढते.

सांधा जुळवण्याचा प्रश्न नगरला नवा नाही. निजामशाहीच्या काळात शहराबाहेरून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, खापरी नळांतून पाणी आणले जाई. भाजलेल्या मातीचे तुकडे एकापुढे एक जोडून केलेल्या त्या नळांतही काळजी घ्यावी लागे ती सांध्यांचीच.

आता कॉक सावकाश उघडा. फ्रिज मागे सरकवताना नळी ताणली जाणार नाही एवढी सैल ठेवा. सांध्याखाली कोरडा कागद पसरून रात्रभर राहू द्या आणि सकाळी त्यावर डाग पडला आहे का, ते पाहा.