घरी सेवा करणाऱ्या बाईच्या हाती वही द्या

कापडाचा ताका उलगडला की त्यातली खोट सर्वांत आधी कोणाला दिसते? गल्ल्यावर बसलेल्या मालकाला नव्हे, माप घेणाऱ्या नोकराला. हा आपल्या धंद्यातला रोजचा तजुर्बा आहे. परंतु घरातल्या आजारी माणसासाठी बाई ठेवली की आपण तिला फक्त कामे सांगतो, विचारीत काहीच नाही.

आम्हीही तेच केले. अम्मींना लकवा झाला तेव्हा कल्याणच्या घरी एका ब्युरोमार्फत दोन पाळ्यांत बायका ठेवल्या. दिवसपाळीची बाई चौथ्या दिवशी म्हणाली, "भाई, अम्मांच्या माकडहाडापाशी गरम लागतंय, जागा लाल आहे." आम्ही म्हणालो, पावडर लावून चोळ. ती म्हणाली, चोळू नये असे तिला शिकवले आहे. आम्ही ब्युरोला फोन केला. तिथून तिला उत्तर मिळाले की घरचे सांगतील तसे कर. दहा दिवसांत तिथे जखम झाली आणि ती भरायला तीन महिने लागले. खर्चाचे सोडा, अम्मींचे कण्हणे आम्ही विसरलेलो नाही.

बाईचेच बरोबर होते. हाडावरची लाल जागा चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. मधोमध भोक असलेली रबरी रिंगही आता वापरू नये म्हणतात. कूस वारंवार बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार येऊ न देणे, हे खरे उपाय. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, हाताला लागणारी ऊबच आधी कळते. ती ऊब कळते कोणाला? ज्याचा हात लागतो त्याला.

कमी शिकलेल्या बायकांना शास्त्रातले काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन, ताप, श्वास यांची नोंद त्याच करीत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही त्याच देत. त्याआधी न शिकलेल्या दायांसाठी मण्यांचे एक साधन केले होते. एका मिनिटाची वाळू पडेपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास साठावर गेले तर न्यूमोनियाचा संशय. मोजता न येणे ही अडचण बाईची नव्हे, साधनाची मानली गेली. आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १९९७-९८ मध्ये या ३९ गावांत हजार जन्मांमागे २५.५ नवजात बाळे दगावली, तर तुलनेच्या ४७ गावांत ५९.६. पुढे २०११ पासून सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली. नवजात बाळ वेगळे आणि वृद्ध आजारी वेगळा, हे खरे. पण पाहणारीने लिहावे आणि तिच्या लिहिण्यावरून उपचार ठरावा, ही रीत दोन्हीकडे चालते.

आता आमच्या घरी वही आहे. कूस किती वाजता बदलली, कोणती जागा लाल दिसली, पाणी किती पोटात गेले, हे बाई लिहिते. लिहिता न येणारीसाठी शरीराचे चित्र काढून ठेवले आहे, ती त्यावर खूण करते. डॉक्टर आले की वही आधी पाहतात आणि बाईशी बोलतात, आमच्याशी नंतर.

आपल्यापैकी जे ठाणे-डोंबिवलीकडे असा ब्युरो काढू पाहतात त्यांनी पाळी बदलताना दोन्ही बायकांना पंधरा मिनिटे एकत्र थांबवावे आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत. फुकट थांबायला सांगितले तर दिवसाची बाई लोकल पकडायला धावेल आणि रात्रीच्या बाईला काही कळणार नाही.