अंड्याचं नाव घेण्याआधी

पोरी, आता तू पनवेलच्या वस्तीत आशा म्हणून फिरणार. कधी ना कधी कुणीतरी दारात येऊन सांगेल, "ताई, कालच्या अंडाकरीनं घरातले सगळे आडवे झालेत." तेव्हासाठी चार गोष्टी गाठीला बांधून ठेव.

आधी माणूस बघ. ओआरएस सुरू कर. शौचात रक्त, चढता ताप, अंगावरचं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, तर वाट न बघता उपजिल्हा रुग्णालयात धाड.

मग वही काढ. कोणी काय खाल्लं, किती वाजता, पहिली उलटी कधी झाली. जेवून दोन-तीन तासांत उलट्या लागल्या, तर बाहेर राहून बिघडलेल्या अन्नातल्या विषाचा संशय घे. अंड्यातून येणारा साल्मोनेला हा जंतू सहसा 6 ते 72 तास घेतो आणि बरोबर ताप आणतो. म्हणून फक्त शेवटच्या जेवणाचं नाही, मागच्या तीन दिवसांचं विचार. लोकांना शेवटचा घासच आठवतो.

ज्यांना काही झालं नाही, त्यांनाही विचार. हे विचारायचं सगळेच विसरतात. भुर्जी खाणारे ठणठणीत आणि सँडविचमधलं मेयोनीज खाणारेच आजारी, असं निघालं तर नीट शिजलेल्या अंड्याला सोड, कच्च्याकडे बघ. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळनं 2023 मध्ये आणि तेलंगणनं 2024 मध्ये बंदी घातली, ती उगाच नाही.

घरात शिरल्या शिरल्या सांग, पातेलं घासू नका. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये, उरलेली अंडी ट्रेसकट बाजूला. दुकान आणि खरेदीचा वार लिहून घे, कारण सुट्या अंड्यावर बहुधा शिक्का नसतो. शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी जाईल असं बघ. आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या महडला 2018 साली वास्तुशांतीच्या जेवणातून विषबाधा झाली आणि तपासात कीटकनाशक निघालं. विषबाधा म्हणजे दरवेळी जंतूच, असं धरून चालू नको.

एकाच जेवणानंतर दोन माणसं आजारी पडली की त्याच दिवशी फोन. तुझ्या सिस्टरला सांग, ती साथरोग सर्वेक्षणाचा एस फॉर्म भरते. डॉक्टर पी भरतात, प्रयोगशाळा एल. तिन्ही जुळले की वरच्यांना उद्रेक दिसतो. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र. खाण्याची गाडी किंवा हॉटेलबद्दल तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) टोल-फ्री नंबर 1800-222-365. तिथे पत्ता, वेळ आणि पदार्थ सांगायचा, तर्क नाही.

भुर्जीवाल्याच्या गाडीभोवती घोळका जमू देऊ नको, व्हॉट्सॲपवर त्याचं नाव फिरवू नको. दोषी कोण ते अहवाल ठरवेल. त्याच्यासाठी थांबून कळवायला मात्र उशीर करू नको.